शाळेत सोडणं

'लेकीला शाळेत सोडून आले' हे वाक्य मी आजवर किती वेळा म्हटलं असेल, याचा एकदा हिशेब मांडला. पहिलीपासून आठवीच्या जुलैपर्यंत, सुट्ट्या, आजारपणं आणि करोनाची दोन वर्षं वजा करून हजार सकाळी तरी भरतात. हजार वेळा सोडून आले. म्हणजे काय केलं? शाळेच्या फाटकापर्यंत नेलं, तिचं हेल्मेट काढून डिकीत टाकलं, दप्तराचा पिळलेला बंद सरळ केला, "डबा संपव" म्हटलं आणि ती आत वळून दिसेनाशी होईपर्यंत स्कूटरवर एक पाय टेकून थांबले. याला आपण मराठीत सोडणं म्हणतो. धरणातून पाणी सोडतात, माणसं नोकरी सोडतात, तसलं सोडणं यात औषधालाही नव्हतं.

आमची शाळा सकाळी ७.१०ची. घर पुण्याच्या मयूर कॉलनीत, शाळा प्रभात रस्त्याच्या अंगाला, मधे साडेतीन किलोमीटर. स्कूटरने बारा मिनिटं लागतात आणि त्यातली पाच शेवटच्या दोनशे मीटरला जातात, कारण तिथे माझ्यासारख्याच शे-दीडशे आया आणि बाबा आपापली मुलं 'सोडत' असतात. कुणी कार मधेच उभी करून मागच्या सीटवरून चित्रकलेची वही शोधतंय, कुणी स्कूटर उलट्या बाजूने घुसवतंय, रिक्षावाले काका सहा दप्तरं एकदम उतरवतायत. एकदा तिथेच सायकलवरून येणारी सहावी-सातवीतली एक मुलगी कारचं दार अंगावर उघडल्याने पडली. गुडघा फुटला, बाकी काही नाही. त्या दिवशी घरी येऊन मी लेकीला विजयी स्वरात म्हणाले, "बघितलंस? म्हणून तुला सायकल नको म्हणते." ते दार उघडणारी बाईही आपल्या मुलाला सोडायलाच आली होती, हे माझ्या डोक्यात शिरायला पुढे दीड वर्ष लागलं.

२०२४च्या जुलैत सोसायटीच्या जिन्यात पावसाचं पाणी आलं होतं, त्यावरून मी घसरले. घोट्याच्या हाडाला बारीकशी चीर, सहा आठवडे प्लॅस्टर. नवऱ्याची चाकणला फर्स्ट शिफ्ट, कंपनीची बस पावणेसहाला. व्हॅनवाल्या काकांच्या जागा जूनमध्येच भरलेल्या. भर पावसात सकाळी साडेसहाला रिक्षा मिळेल तर शपथ. रात्री जेवताना यावर घरात चर्चासत्र चाललं असताना लेक आमटीचं भांडं पुढे ओढत म्हणाली, "मी जाते ना सायकलने. त्यात काय एवढं?"

तेव्हा आधीच सांगून टाकते. मी काही पर्यावरणाचा किंवा मुलीच्या सर्वांगीण विकासाचा विचार करून तिला प्रोत्साहन वगैरे दिलेलं नाही. माझा पाय मोडला म्हणून ती सायकलने गेली.

सासूबाई म्हणाल्या, "अगं पोरीची जात, त्यात हा पाऊस, त्यात तो पौड फाटा." तीन आक्षेपांपैकी तिसरा खरा होता.

रविवारी सकाळी बापलेक रस्त्याच्या पाहणीला निघाले. नवऱ्याकडे सायकल नाही. त्याने वॉचमनकाकांची मागून घेतली. आमच्या सोसायटीत रोज कामाला म्हणून सायकल चालवणारा तो एकच माणूस. तशा पार्किंगमध्ये सायकली मी मोजल्या आहेत, सतरा. कुणाच्या तरी वाढदिवसाला आलेल्या, टायर बसलेल्या, सीटवर मांजर झोपलेलं. लेकीची त्यातलीच एक. शिवाय तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांकडे ऐंशी हजारांची आहे, ती मात्र घरात, भिंतीला टांगलेली. दर रविवारी ती कारच्या टपावर बांधून सिंहगडाच्या पायथ्याला जाते आणि तिथे चालवली जाते. माझा त्यावर काही आक्षेप नाही. फक्त त्या सायकलला बघून मला नेहमी हवाबदलाला नेलेल्या माणसाची आठवण येते.

तासाभराने दोघं परत आले ते एक कागद घेऊन. नवऱ्याने धोक्याची नऊ ठिकाणं लिहिली होती, त्यातली सात लेकीने खोडली होती. मी आत्तापर्यंत 'ट्रॅफिक' म्हणताना जे म्हणत होते, ते सगळ्या पुण्यावर धरलेल्या आभाळासारखं होतं. कागदावर ते साडेतीन किलोमीटरमधलं जेमतेम शंभर मीटर निघालं. एक पौड फाटा, दुसरं लॉ कॉलेज रस्ता ओलांडणं. बाकीचा सगळा रस्ता गल्ल्यांतून, कॉलन्यांतून, कॅनॉल रस्त्यावरून जातो. नुसतं स्कूटरवरून जाताना मी कधी त्या गल्ल्यांत शिरलेच नव्हते. स्कूटरला मोठा रस्ता लागतो, म्हणून मला वाटायचं की शाळा मोठ्या रस्त्यावर आहे.

पौड फाटा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी. कर्वे रस्ता आणि पौड रस्ता इथे फुटतात. एका अंगाला दशभुजा गणपती, डोक्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर २०२२पासून मेट्रो. खाली बस, रिक्षा, सिमेंटचे मिक्सर आणि आपण. सकाळी पावणेसातला गर्दी कमी असते, पण कमी गर्दीला वेग जास्त असतो आणि त्या वेळी सिग्नल ही एक सूचना असते, बंधन नाही. नवऱ्याने नियम केला: फाटा आला की उतरायचं. सायकल हातात धरायची, पट्ट्यांवरून, माणसांच्या घोळक्यात ढकलत न्यायची. "फाट्यावर तू सायकलवाली नाहीस, पायी चालणारी आहेस." लेक म्हणाली, "बाबा, चालणाऱ्यांसाठी तरी कोण थांबतं?" नवरा काही बोलला नाही. मग म्हणाला, "हात दाखवायचा. डोळ्यात बघायचं. डोळ्यात बघितलं की माणूस जरा लाजतो." वाहतुकीच्या कुठल्या पुस्तकात हा नियम नसेल, पण मी गेली पंचवीस वर्षं त्याच्याच जोरावर पुण्यातले रस्ते ओलांडत आले आहे.

पहिला दिवस मंगळवार. ६.३५ला ती निघाली. तिच्याकडे फोन नाही, शाळेत चालत नाही. मी बाल्कनीत एका पायावर. ६.५५ झाले, ७.१० झाले. ७.२०ला न राहवून शाळेच्या ऑफिसात फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "अहो ताई, दोन हजार मुलं आहेत. हजेरी झाली की बघते." शेवटी एका मैत्रिणीला, जी मुलाला सोडायला गेली होती, तिला सांगितलं. तिने फोटो पाठवला. शाळेच्या भिंतीलगत पाण्याच्या पाइपाला साखळीने बांधलेली लेकीची सायकल. इतक्या बारकाईने मी तिचा दहावी-बारावीचा निकालही बघणार नाही.

दुपारी ती परत आली. गालावर लाली, केसांचा अवतार आणि पांढऱ्या शर्टवर, कमरेपासून मानेपर्यंत, चिखलाची एक सरळ रेघ. मागून पाहिलं तर आखून काढल्यासारखी. सासूबाई म्हणाल्या, "हे कुठे लोळून आलीस?"

त्या रेघेमागे एक अख्खं शास्त्र आहे. आजकाल मुलांना घेतात त्या सायकलींना जाड टायर असतात, डिस्क ब्रेक असतो, एकवीस गिअर असतात, पण मडगार्ड नसतं. कॅरिअर नसतं. चेनवर झाकण नसतं. स्टँड असला तर बाजूचा, दप्तर अडकवलं की सायकल आडवी. डोंगरावर न्यायची गाडी आपण मुलांना घेऊन देतो आणि मग ती शाळेत नेत नाहीत म्हणून कपाळाला हात लावतो. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे नेली तेव्हा तो चाक फिरवून बघत म्हणाला, "मॅडम, ही सायकल नाय. हे खेळणंय." मग त्याने चाकाचा आऊट काढला, ब्रेकचे रबर बदलले, प्लॅस्टिकची दोन मडगार्डं, एक चिमट्याचं कॅरिअर आणि ट्रिंग वाजणारी साधी घंटा बसवली. लेकीला कॅरिअर नको होतं. "काकूंसारखं दिसतं." तिथेच फुटपाथवर दहा मिनिटं वाटाघाटी. कॅरिअर राहिलं, घंटेऐवजी तिच्या पसंतीचा लाल दिवा मागे लागला. दप्तर पाठीवरून कॅरिअरवर गेलं, तो खरा फरक. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको असं केंद्राचं २०२०चं धोरण आहे. आमच्याकडे वजनकाट्यावर ते साडेसहा किलो भरलं आणि लेक बेचाळीस. गणित ज्याचं त्याने करावं.

सायकलवाला काम करता करता सांगत होता की पूर्वी सकाळी सात ते नऊ त्याच्या वडलांना पंक्चरं काढून मान वर करायला फुरसत नसायची. आता दिवसाला चार. त्यातली दोन पेपरवाल्या पोरांची.

मी सदाशिव पेठेतली. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे त्याच्या शेपटाला माझी शाळा लोंबकळते. बाबांच्या सायकलवर म्युनिसिपालटीचा बिल्ला असायचा आणि रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडून देतो ही धमकी आम्हाला राक्षसाच्या गोष्टीसारखी सांगितली जायची. मला सायकल शिकवायला मागे धावणारं कुणी नव्हतं. भाड्याची सायकल, तासाला आठ आणे, त्यात चौघी भागीदार, म्हणजे वाट्याला पंधरा मिनिटं. पहिली पाच मिनिटं सायकल धरण्यात, पुढची पाच पडण्यात, शेवटची पाच 'अगं वेळ संपली' हे ऐकू न आल्याचं दाखवण्यात. सातवीत आत्याची जुनी लेडीज सायकल मिळाली. शाळेचा सायकल स्टँड म्हणजे पत्र्याखाली शेकडो सायकली, एक पडली की पत्त्यांच्या रांगेसारख्या सगळ्या पडायच्या आणि सुटल्यावर हँडलात हँडल अडकलेली सोडवण्यात अर्धा तास.

हे सगळं लिहिताना गळा दाटून यायला हवा, पण तसं काही होत नाही. आम्ही सायकलने जायचो कारण दुसरं काही नव्हतं. आईने मला कधी प्रोत्साहन दिलं नाही. ती शिवणकाम करायची, तिला वेळ नव्हता. आणि ज्या शहराने सायकलचं कौतुक करून घेतलं त्याच शहराच्या परिसरात बजाजच्या स्कूटर तयार होत होत्या. कॉलेजात जाताना कायनेटिकची लूना मिळाली तेव्हा मी सायकलकडे वळूनही पाहिलं नाही. सायकल गॅलरीत गेली, तिच्यावर पायपुसणी वाळू लागली. आमच्या पिढीने एकेकाने गॅलरीत ठेवली, म्हणून रस्त्यावर उरली नाही.

लेकीच्या वर्गात सायकलची पत वेगळी आहे. पाचवी-सहावीपर्यंत ठीक, पुढे ती लहान मुलांची किंवा वॉचमनकाकांची. आठवी-नववीत शिंगं फुटलेल्यांचं वाहन म्हणजे अॅक्टिव्हा. कायदा काय म्हणतो? सोळाव्या वर्षी फक्त पन्नास सीसीपर्यंतची, बिनगिअरची गाडी, तीही परवाना काढून. पेट्रोलवरची अशी नवी गाडी आता दुकानात दाखवा. म्हणजे व्यवहारात अठरा. २०१९ची दुरुस्ती त्याहून कडक. मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. २०२४च्या मे महिन्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाने चालवलेल्या कारच्या धडकेत दोन तरुण जीव गेले आणि जामिनासाठी तीनशे शब्दांच्या निबंधाची गोष्ट देशभर झाली, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठ दिवस तोच विषय होता. त्याच आठ दिवसांत बी विंगमधला नववीतला मुलगा रोज दुपारी स्कूटरवरून क्लासला जात होता. पाठीमागे अजून दोघं. त्याच्या आईने ग्रुपवर हात जोडलेल्या खुणा टाकल्या होत्या. मी तिला काही बोलले नाही. लिफ्टमध्ये रोज भेटतो.

चौदा वर्षांच्या माणसाला कायद्याने स्वतःचं म्हणता येईल असं एकच वाहन आहे आणि तेच आम्ही त्याच्या हातून काढून घेतलं, धोका आहे म्हणून. मग स्कूटरची किल्ली दिली, वेळ वाचतो म्हणून.

ऑगस्टमध्ये माझं प्लॅस्टर निघालं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर पुसून तयार. लेक म्हणाली, "कशाला? मी जाते." मी म्हटलं, पाऊस आहे. म्हणाली, रेनकोट आहे. मी म्हटलं, बरं, परतीचं तरी. म्हणाली, "आई, आम्ही तिघी जातो. त्यांना काय सांगू?"

तिघी? ही बातमी मला नवीन होती. हळूहळू बाहेर आलं. पहिल्या पंधरवड्यात कॅनॉल रस्त्यावर बाइकवरची दोन मुलं तिच्या शेजारून सावकाश जात काहीबाही बोलली होती. एकदा नाही, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ती दहा मिनिटं लवकर निघाली आणि आयडियल कॉलनीतल्या एका मैत्रिणीच्या दाराशी जाऊन तिला उठवलं. त्या मैत्रिणीने डहाणूकरमधल्या तिसरीला फोन केला. चौथ्या दिवसापासून तिघी.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस."

यावर उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण ती बरोबर होती. सासूबाई आत होत्या, त्यांना काही ऐकू गेलं नाही, निदान त्या तसं म्हणाल्या. रात्री नवऱ्याला सांगितलं. तो भडकला, मग गप्प बसला, मग म्हणाला, "तिने केलं तेच आपण सांगितलं असतं का?" नसतं सांगितलं. आम्ही स्कूटर काढली असती. दुसऱ्या दिवशी तो रजा टाकून तिघींच्या मागे चालत गेला, लांबून. ती मुलं काही दिसली नाहीत. एक खरं की त्यानंतर आम्ही तिच्याकडून शब्द घेतला: असं काही झालं तर सांगायचं, आणि आम्ही सायकल बंद करणार नाही. दोन्ही बाजूंनी सही-शिक्का. मला अजूनही सकाळी पावणेसातला पोटात गोळा येतो. तो गेलेला नाही, जाणारही नाही बहुतेक.

माझी नणंद जालना जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये शिकवते. तिला हे फोनवर सांगितलं तर ती हसली. तिच्याकडे वस्तीवरच्या मुली चार-चार किलोमीटरवरून येतात, घोळक्याने, आणि एकीची चेन पडली की सगळा घोळका थांबतो. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी सरकारी पैसे मिळतात, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत घर असेल तर. काही रक्कम आधी खात्यात, उरलेली सायकलची पावती दाखवली की. "तुमच्याकडे सायकल हा छंद आहे," नणंद म्हणाली, "आमच्याकडे सायकल नसली की आठवीत स्थळं बघायला लागतात." बिहारने २००६मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, त्यावर पुढे अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. योग्य वयात हायस्कुलात जाणाऱ्या मुली सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्या, मुलामुलींमधली तफावत चाळीस टक्क्यांनी घटली आणि सगळ्यात जास्त फरक शाळा लांब असलेल्या गावांत पडला. नणंदेला हा अभ्यास माहीत नव्हता. तिला वाटलं, हे शोधायला अभ्यास लागतो का?

पुण्यातल्या साडेतीन किलोमीटरची जालन्यातल्या चार किलोमीटरशी बरोबरी करायला मला संकोच वाटतो. तिथे उन्हात, खडीवर, पर्याय नसताना. इथे मडगार्डाच्या रंगावरून वाद. तरी शाळेची आणि पायाची सांगड दोन्हीकडे कायद्यानेच घातली आहे. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, आणि अंतर मोजलंय ते चालत जाण्याचं. आपण ते बोर्डाने मोजतो, फीने मोजतो, मैत्रिणीचा मुलगा कुठे जातो त्याने मोजतो. मीही तेच केलं. आमच्या घरापासून सातशे मीटरवर एक चांगली मराठी शाळा आहे.

शाळेबद्दल फार बोलायला नको. जिथे कधीकाळी सायकल स्टँड होता तिथे आता शिक्षकांच्या गाड्या आणि दोन बस उभ्या असतात. सायकलने येणाऱ्या मुलांच्या पालकांकडून हमीपत्र घेतलं जातं: चोरी, अपघात याला शाळा जबाबदार नाही. स्कूटरवरून तीन मुलं आणणाऱ्या बाबांना कुठलंही पत्र द्यावं लागत नाही. सप्टेंबरात शाळेने वाहनमुक्त दिवस साजरा केला. मुलांनी 'सायकल चालवा, पृथ्वी वाचवा' असे मोठाले फलक केले आणि ते सायकलवर मावत नाहीत म्हणून बहुतेक जण कारने आले. जागतिक सायकल दिनाचं तर विचारूच नका, तो ३ जूनला असतो आणि तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी असते.

महापालिकेकडेही कागद भरपूर. २०१६मध्ये पादचारी धोरण झालं, २०१७मध्ये मोठा सायकल आराखडा मंजूर झाला, भाड्याच्या रंगीत सायकली आल्या आणि गेल्या. २०२१पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता दिवसभर वाहनं बंद करून पादचारी दिन करतात, तो मात्र मला मनापासून आवडतो. नगरकर तालमीच्या चौकापासून पुढे रस्त्याच्या मधोमध चालताना आपण काहीतरी चोरून करतोय असं वाटतं. जंगली महाराज रस्त्याचे रुंद फुटपाथही चांगले झालेत. मला एवढंच म्हणायचंय की पौड फाट्यावर सकाळी साडेसहा ते साडेसात, एक माणूस. शिट्टी असलेला. आराखडा नंतर.

ऑक्टोबरात लेकीच्या दप्तरातून बुचाची फुलं निघू लागली. लांब देठाची, पांढरी, दुपारपर्यंत तपकिरी पडलेली, गणिताच्या वहीत चपटी झालेली. प्रभात रस्त्याच्या कुठल्या गल्लीत बूच आहेत, कुठल्या बंगल्याचा कुत्रा नुसताच भुंकतो आणि कुठला खरोखर धावतो, कुठे एक आजोबा रोज पावणेसातला कावळ्यांना पोळी घालतात आणि आता या तिघींना 'उशीर झाला आज' म्हणतात, हे सगळं ती जेवताना सांगते. म्हणजे काही काही सांगते. एकदा चेन पडली तर काडीने कशी चढवली हे सांगितलं, शनिवारी शाळा सुटल्यावर तिघी वडापाव खाऊन येतात हे नाही सांगितलं. ते मला शर्टच्या खिशातल्या लाल चटणीने सांगितलं. स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून हजार सकाळी हीच मुलगी माझ्या पाठीला डोकं टेकून झोपत यायची.

डेन्मार्कमध्ये २०१२ साली सुमारे वीस हजार शाळकरी मुलांची एकाग्रता तपासली होती. संशोधकांची अपेक्षा होती की न्याहारी-जेवणाचा परिणाम मोठा निघेल. निघाला तो शाळेत कसं आलात याचा, चालत किंवा सायकलने आलेल्यांची एकाग्रता काही तास बरी होती. मी हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे आता बदाम भिजवायचे नाहीत?" बदाम अजून भिजतात.

डिसेंबरात विज्ञान प्रदर्शन होतं. लेकीने पुठ्ठ्याचं धरण केलं होतं, दरवाजे उघडणारं, हातभर लांब. आदल्या रात्री ती माझ्याजवळ येऊन जरा घुटमळली. "आई, उद्या सोडशील का?"

सकाळी ६.३५ म्हणजे डिसेंबरात अंधारच. थंडीने हँडल गार पडलेलं. ती मागे बसली, दोघींच्या मधे धरण. मी सवयीने कर्वे रस्त्याकडे वळले तर पाठीमागून हुकूम आला, "तिकडे कुठे? आतून घे." मग डावीकडे, मग त्या पिवळ्या बंगल्यावरून उजवीकडे, "हळू, इथे स्पीडब्रेकर आहे, दिसत नाही तो". फाट्यावर तिने धरण एका हाताने धरून दुसरा हात ताठ बाहेर काढला आणि एका टेम्पोवाल्याच्या डोळ्यात बघितलं. टेम्पो थांबला. कॅनॉल रस्ता, लॉ कॉलेज रस्ता, मग एक गल्ली, जी चौदा वर्षं या भागात राहून मी पाहिली नव्हती. रस्ताभर बुचाची शेवटची फुलं. कावळ्यांच्या आजोबांनी हात वर केला, मला नाही, तिला.

शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर तिने माझ्या खांद्यावर बोट टोचलं.

"इथेच सोड."

"अगं, फाटक पुढे आहे. हे धरण घेऊन..."

"पुढे गर्दी असते, आई. इथेच."

ती उतरली, धरण दोन्ही हातांत धरून निघाली. कोपऱ्यावरून तिच्या दोघी आल्या, एकीने सायकल भिंतीला टेकवून धरणाचं एक टोक पकडलं. मी हेल्मेट डिकीत टाकलं आणि स्कूटर वळवली. आल्या वाटेनेच परत जायचं ठरवलं होतं. पण पिवळा बंगला काही मला सापडला नाही. दोनदा त्याच गल्लीत शिरले, एकदा तर तो कुत्रा मागे लागला. खरोखर धावणारा तो हाच.